काय महागले आणि ते कोणी सोसले? संशोधन धोरणाचा माग कोल्हापुरातून काढताना

अर्थशास्त्रात पीएच.डी.साठी नोंदणी केलेल्या एका विद्यार्थ्याने विचारले आहे की, आर्थिक आणि सामाजिक बदल नवोन्मेष धोरणाला व संशोधनाला कसे वळण देतात याचा अभ्यास त्याला कोल्हापूर जिल्ह्याच्या आधारे करायचा आहे. पण पेटंटची संख्या आणि संशोधनावरील खर्च ही नेहमीची दोन मापे लावली की जिल्ह्यात दाखवण्यासारखे फारसे काही उरत नाही. तेव्हा विषय बदलावा की मापे बदलावीत, आणि मुळात समाज बदलतो म्हणून धोरण बदलते की धोरण बदलते म्हणून संशोधन बदलते, असा त्याचा दुहेरी प्रश्न आहे.

उत्तर देण्याआधी मी कोठून बोलतो आहे ते सांगतो. मी धातुशास्त्राचा अभियंता आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, अकरा वर्षे मेल्टिंग आणि क्वालिटी विभाग सांभाळला. त्यानंतरची सोळा वर्षे लहान कारखान्यांना, आणि मधूनमधून साखर कारखान्यांना, तंत्रज्ञान सुधारणेचे प्रस्ताव तयार करून देणे, ते सरकारी योजनांच्या चौकटीत बसवणे आणि मंजुरी मिळाली की ते प्रत्यक्षात उभे करून देणे, यांत गेली. धोरणाचा कागद कारखान्याच्या टेबलावर येऊन पडल्यानंतरच मी तो पाहत आलो आहे, आणि माझ्या म्हणण्याला ती मर्यादा आहे हे आधीच मान्य करतो.

माझ्या समजुतीप्रमाणे तुमची खरी अडचण मापांची नाही. समाजातला बदल आणि सरकारचे धोरण या दोन टोकांना तुम्ही थेट दोरी बांधू पाहता आहात, आणि मधली माणसे सुटून गेली आहेत. बदल आपणहून धोरणापर्यंत चालत जात नाही. एखादी गोष्ट दुर्मिळ होते किंवा महागते, तिचा भार कोणावर तरी पडतो, आणि ज्याच्यावर तो पडला त्याला अर्ज करता येत असेल, शिष्टमंडळ नेता येत असेल, किंवा निदान स्वतःच्या खिशातून प्रयोग करता येत असेल, तरच त्या बदलाचे संशोधन होते आणि कालांतराने धोरण होते. ज्याच्यावर भार पडला त्याला यांपैकी काहीच शक्य नसेल, तर बदल कितीही मोठा असला तरी संशोधनाच्या कागदावर त्याचा ठिपकाही उमटत नाही. म्हणून मी तुम्हाला एवढेच सुचवीन की, काय महागले, ते कोणी सोसले आणि त्याचे म्हणणे कोणाच्या कानावर गेले, या क्रमाने शोध घ्या.

यातला पहिला भाग अर्थशास्त्रात जुनाच आहे. जो घटक महागतो तो वाचवणाऱ्या शोधांकडे उत्पादकाचे लक्ष वळते, हे ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जॉन हिक्स यांनी १९३२ मध्ये मांडले. पुढे हायामी आणि रटन या अर्थशास्त्रज्ञांनी शेतीच्या संदर्भात दाखवले की, जमीन तुटपुंजी असलेल्या जपानने बियाणे आणि खतांवर भर दिला, तर माणसे कमी आणि जमीन अफाट असलेल्या अमेरिकेने यंत्रांवर. हा सिद्धांत मला पटतो, पण अर्धाच पटतो, आणि उरलेल्या अर्ध्याबद्दलची माझी शंका उसाच्या फडात तयार झाली.

आपल्याकडे ऊसतोडणी प्रामुख्याने मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून येणाऱ्या टोळ्यांवर चालते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता; मुकादम हंगामापूर्वी उचल देतो आणि पाच-सहा महिने ही जोडी फडात राबते. गेल्या काही वर्षांत टोळ्या कमी पडू लागल्या. शिकलेली मुले कोयता हातात घ्यायला तयार नाहीत, पुण्या-मुंबईकडे बांधकामावर आणि गोदामांत काम मिळते, आणि उचल घेऊन न आलेल्या टोळ्यांमुळे वाहतूकदार कर्जात बुडतात. आलेल्या टोळीला उसाचा मालक खुशाली म्हणून वरकड पैसे देतो, कारण तोड लांबली तर उसाला तुरे येतात, वजन घटते आणि खोडव्याचे, म्हणजे तोडणीनंतर त्याच बुडख्यातून येणाऱ्या पुढच्या पिकाचे, गणित बिघडते. सामाजिक बदलाचे आर्थिक किमतीत रूपांतर कसे होते हे पाहायचे असेल, तर याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

टंचाई कारखान्यांच्या दारात पोहोचली, आणि कारखान्यांना आवाज असल्यामुळे ती धोरणातही पोहोचली. २०२३ मध्ये राज्यात तोडणी यंत्रासाठी किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढ्या अनुदानाची योजना आली. यंत्राची किंमत कोटीच्या घरात आहे, त्यामुळे अनुदानाचा आकडा ऐकून वाटतो तेवढा निर्णायक नसतो. मात्र यंत्र आल्यावर संशोधनाचे प्रश्न कसे बदलले ते पाहण्यासारखे आहे. आपल्याकडे सरी पूर्वापार तीन फुटांची. यंत्राच्या चाकांना साडेचार ते पाच फूट लागतात, नाहीतर शेजारच्या सरीतला खोडवा चिरडला जातो. म्हणजे आधी लागवडीचे अंतर बदलायला हवे, अंतर वाढले की एकरी फुटव्यांची संख्या टिकवण्यासाठी खत-पाण्याचे वेळापत्रक बदलायला हवे, आणि जातही अशी हवी की जी ताठ उभी राहील, लोळणार नाही आणि जिचे पाचट, म्हणजे वाळलेला पाला, सहज सुटेल. ज्या पैदासकाराने आयुष्यभर उतारा (उसातून मिळणाऱ्या साखरेचे प्रमाण) आणि टनेज या दोनच गोष्टी पाहिल्या, त्याच्या यादीत आता उसाचा ताठपणा येतो, आणि तो बीडमधल्या एका तरुणाने कोयता नाकारल्यामुळे येतो.

करवीर तालुक्यात नदीकाठच्या एका गावात यंत्र पहिल्यांदा उतरले तेव्हा मी बांधावर होतो. शेत अठरा गुंठ्यांचे, कडेला ओढा, आणि महापुरात आडवा होऊन वळसे घेत पुन्हा उभा राहिलेला ऊस. यंत्राला वळायला जागा नव्हती. चालकाने दोनदा आत-बाहेर केले, शेजारच्या बांधाचा कोपरा खचला, दोन भावांमध्ये शब्दाला शब्द झाला आणि शेवटी कडेचा ऊस गावातल्याच माणसांनी कोयत्याने तोडला. तुकडे करून भरलेल्या उसात पाचट जास्त येते म्हणून काट्यावर होणाऱ्या वजावटीवरून जो वाद झाला तो वेगळाच. यंत्र वाईट होते असे मी म्हणत नाही. सलग आठ-दहा एकरांच्या पट्ट्यात तेच यंत्र उत्तम चालते. अठरा गुंठ्यांसाठी लहान यंत्र हवे, आणि त्यावर आपल्याकडे जेवढे काम व्हायला हवे तेवढे झालेले नाही, कारण अठरा गुंठ्यांचा मालक एकटा मागणी करू शकत नाही आणि कारखान्याला मोठ्या पट्ट्यांतून सुरुवात करणे सोयीचे असते.

आता माझी शंका सांगतो. ओल्या उसाची जड मोळी डोक्यावर घेऊन, फळीवरून चढून ती ट्रकमध्ये रचणे हे काम तोडणी कामगार बाया कित्येक दशके करत आल्या आहेत. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, शासनाने समिती नेमली, आणि महाराष्ट्राला पहिल्यांदा या कष्टाची शारीरिक किंमत ठसठशीतपणे दिसली. त्याआधी इतकी वर्षे मोळी वर चढवण्याचे साधे, स्वस्त साधन शोधावे असे कोणत्याही संशोधन केंद्राला तातडीचे का वाटले नसेल? तंत्र अवघड नव्हते. उचलणारे पट्टे आणि घोड्या आमच्या फाउंड्रीत कित्येक वर्षे आहेत. पण मजुरी स्वस्त होती, मजूर मुबलक होते, आणि ज्यांच्या मणक्यावर भार पडत होता त्या बायांचे म्हणणे संशोधनाचा विषय ठरवणाऱ्या कोणत्याही बैठकीत पोहोचत नव्हते. मजूर दुर्मिळ झाल्यावर जे यंत्र आले ते त्यांचे कष्ट कमी करण्यासाठी आलेले नाही, त्यांच्यावाचून काम भागवण्यासाठी आले आहे. या दोन हेतूंतून दोन वेगवेगळी यंत्रे जन्माला येतात, आणि तुमच्या प्रबंधात हा भेद नोंदवला गेला तर मला मनापासून समाधान वाटेल.

फाउंड्रीकडे वळतो, कारण तुमच्या मापांच्या प्रश्नाचे उत्तर तेथे आहे. कोल्हापूरची फाउंड्री शेतीच्या गरजेतून वाढली. उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी पाणी उपसण्यासाठी आणि गुऱ्हाळावर चरक फिरवण्यासाठी लागणारी ऑईल इंजिने दुरुस्त करता करता स्वतः बनवायला घेतली, त्यांना लागणारे ओतकाम येथेच होऊ लागले, आणि खेड्यांत वीज पोहोचल्यावर इंजिनाची मागणी ओसरली तेव्हा हाच हात पंप, यंत्रांचे भाग आणि पुढे मोटारींचे सुटे भाग यांकडे वळला. मी नोकरीला लागलो तेव्हा कारखान्यातली चर्चा कोक कसा वाचेल याची होती, कारण भारतीय कोकमध्ये राख जास्त आणि कमी राखेचा कोक महाग. कोकवर चालणाऱ्या क्युपोला भट्टीच्या जागी विजेवरची इंडक्शन भट्टी आली, तशी चर्चा वीज कशी वाचेल याकडे गेली. आता कोणत्याही मालकाकडे बसलो की विषय माणसाचा निघतो. साचे बनवणाऱ्या मोल्डरचा मुलगा डिप्लोमा करतो आणि फेटलिंगच्या, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करण्याच्या, धुळीत उभा राहायला तयार होत नाही, त्यात त्याची चूक काहीच नाही. ती जागा बिहार, उत्तर प्रदेश आणि ओडिशातून आलेल्या कामगारांनी भरली आहे, आणि ते छठला किंवा होळीला गावी गेले की लाइन थांबते. कोक, वीज, माणूस या तीन शब्दांत आमच्या धंद्यातील तीस वर्षांच्या संशोधनाची दिशा सांगता येते.

पण हे संशोधन तुम्हाला आकडेवारीत का सापडत नाही, ते आता पाहा. एका गिऱ्हाइकाने आमच्याकडे एस. जी. आयर्नच्या, म्हणजे कमी ठिसूळ अशा ओतीव लोखंडाच्या, एका ब्रॅकेटची जाडी कमी करून मागितली, कारण गाडीचे वजन घटवायचे होते. पातळ कडेला धातू लवकर थिजतो, तेथे कार्बाइड हा फार कठीण घटक बनतो, आणि मशिनिंगला गेले की टूल तुटते. ओतण्याचे तापमान वाढवले तर कार्बाइडला थोडा आळा बसला, पण साचा भाजून पृष्ठभाग खराब येऊ लागला. तापमान कमी केले की कोल्ड शट, म्हणजे धातूच्या दोन धारा नीट न जुळता राहिलेला सांधा. चार महिन्यांत आम्ही चौदा हीट्स (एकदा भट्टी भरून वितळवलेला धातू म्हणजे एक हीट) केवळ या एका भागासाठी घेतल्या. सिलिकॉनचे प्रमाण बदलले, इनॉक्युलंट (कार्बाइड रोखण्यासाठी घालायचे मिश्रण) लॅडलमध्ये, म्हणजे ओतण्याच्या भांड्यात, टाकण्याऐवजी ओतताना धारेत सोडायला सुरुवात केली, गेटिंगची, म्हणजे साच्यात धातू शिरण्याच्या वाटेची, जागा हलवली, आणि शेवटी भाग उतरला. माझ्या दृष्टीने हे अस्सल संशोधन होते: प्रश्न ठरलेला, एका वेळी एकच गोष्ट बदललेली, प्रत्येक हीटचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेला. परंतु कारखान्याच्या दप्तरात त्या चौदा हीट्स रिजेक्शन रजिस्टरमध्ये आहेत. शेरा एकच, ‘ट्रायल’. हिशेबात तो तोटा आहे.

याचे कारण निष्काळजीपणा नाही, आणि हे धोरण अभ्यासणाऱ्याने समजून घ्यायला हवे. कंपनीतील संशोधनावर आयकरात जी भारित वजावट, म्हणजे प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त रक्कम उत्पन्नातून वजा करण्याची सवलत, मिळत असे, ती २०१०-११ पासून २०० टक्के होती, २०१७-१८ पासून १५० टक्के झाली आणि २०२०-२१ पासून १०० टक्क्यांवर आली. ती मिळवण्यासाठी केंद्र सरकारच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची मान्यता लागे, आणि मान्यतेसाठी स्वतंत्र संशोधन विभाग, त्याची स्वतंत्र माणसे आणि स्वतंत्र हिशेब दाखवावा लागे. ज्या कारखान्यात क्वालिटीचा माणूसच सकाळी मेल्टिंग पाहतो आणि दुपारी गिऱ्हाइकाच्या तक्रारी, तेथे स्वतंत्र काय दाखवणार? ही सवलत मोठ्या वाहन आणि औषध कंपन्यांच्या उपयोगी पडली, आणि त्या दृष्टीने ती चुकीची होती असेही मी म्हणणार नाही. पण लहान कारखान्याला ट्रायल दडवण्यातच सोय वाटली. माझ्याच एका प्रस्तावात मी तीन वर्षांच्या अशा ट्रायल्सचा खर्च संशोधन म्हणून दाखवला होता. तपासणीसाठी आलेल्या अधिकाऱ्याने तो काढून टाकायला सांगितला, कारण त्याला पूरक म्हणून जोडण्यासारखी एकही शास्त्रज्ञाची नेमणूक आमच्याकडे नव्हती. अधिकारी सज्जन होता आणि नियमाप्रमाणे बरोबर होता. त्या दिवशी चौदा हीट्सचे कष्ट देशाच्या आकडेवारीतून गळाले, एवढेच मला आजही लागून राहिले आहे.

भारताचा संशोधनावरील खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के आहे आणि त्यात खासगी क्षेत्राचा वाटा साधारण ३६ टक्के, हे २०२०-२१ चे आकडे तुम्ही वाचले असतीलच. मोठा देश, छोटा खर्च ही टीका योग्यच आहे. पण कोल्हापुरात बसून हे आकडे वाचताना एवढे लक्षात ठेवा की, त्यांत न मोजलेला एक थर आहे, आणि तो सगळ्या देशभर सारखा पसरलेला नाही. तो शिरोली, गोकुळ शिरगाव, इचलकरंजी, राजकोट, कोइमतूर अशा ठिकाणी साचलेला आहे.

न मोजलेल्या संशोधनाचे याहून जुने उदाहरण तुमच्या घरापासून फार दूर नसेल. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा, ज्याला सरकारी कागदांत के. टी. वेअर म्हणतात, तो राज्यभर बांधला जातो. आपल्या नद्यांना पावसाळ्यात एवढे पाणी येते की, पात्रात भरीव भिंत घातली तर फुगवटा गावात शिरेल, आणि दिवाळीनंतर पाणी एवढे घटते की अडवले नाही तर उसाला मिळणार नाही. यावर तोडगा असा काढला गेला की, खांब पक्के बांधायचे, पावसाळ्यात त्यांमधून नदी मोकळी वाहू द्यायची, आणि पावसाळा संपला की खाचांमध्ये बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी तुंबवायचे. संस्थानकाळापासून चालत आलेली ही पद्धत पुढे पाटबंधाऱ्यांच्या नियमित कामांत गेली. ती येथेच का जन्मली याचे उत्तर पाऊस, ऊस आणि उसाच्या बाजारपेठेत आहे: शाहू महाराजांच्या काळात शाहूपुरीची गुळाची पेठ वसली, राधानगरीच्या धरणाचे काम हाती घेतले गेले, आणि बारमाही पाण्याची किंमत शेतकऱ्याच्या लक्षात आली. आज त्याच बंधाऱ्यांवर लोखंडी बरगे चोरीला जातात, कारण भंगाराला भाव आला आहे, म्हणून दुसऱ्या साहित्याचे बरगे किंवा स्वयंचलित दारे यांचा विचार पुढे येतो. भंगाराचा भाव हाही आर्थिक बदलच आहे, आणि तोही रचनेला वळण देतो.

राष्ट्रीय पातळीवरचा प्रवास मी थोडक्यात आटोपतो, कारण तो कागदपत्रांत सहज मिळतो. १९५८ च्या विज्ञान धोरण ठरावाचा भर विज्ञान आणि वैज्ञानिक घडवण्यावर होता; १९८३ च्या तंत्रज्ञान धोरण निवेदनात परकीय तंत्रज्ञानावरचे अवलंबन कमी करण्याची तळमळ दिसते; २००३ च्या धोरणापर्यंत अर्थव्यवस्था खुली झालेली होती; आणि २०१३ च्या धोरणाच्या नावातच नवोन्मेष हा शब्द आला, कारण २०१० ते २०२० हे नवोन्मेषाचे दशक म्हणून जाहीर झालेले होते. २०२३ मध्ये अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचा कायदा झाला, आणि जुलै २०२५ मध्ये खासगी क्षेत्रातील संशोधनासाठी एक लाख कोटी रुपयांच्या निधीला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. हे दस्तऐवज एकापुढे एक ठेवून वाचा, पण त्यांना कारण समजू नका. त्या त्या वेळी कोणाचा भार दिल्लीत ऐकू गेला होता, याची ती नोंद आहे.

अर्थात, धोरण आधी आणि संशोधन नंतर असेही घडते, आणि ते मी नाकारत नाही. इथेनॉल हे त्याचे ठळक उदाहरण. २०१८ च्या जैवइंधन धोरणात पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रणाचे लक्ष्य २०३० साठी होते, ते पुढे २०२५-२६ वर आणले गेले, आणि साखर कारखान्यांनी डिस्टिलरीच्या क्षमता, बी-हेवी मळी (साखर पूर्ण न काढता इथेनॉलसाठी ठेवलेली मळी), यीस्ट आणि सांडपाणी यांवर जेवढे काम गेल्या सात-आठ वर्षांत केले तेवढे आधीच्या कित्येक वर्षांत केले नव्हते. मात्र डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक बंधने आली, तेव्हा हाती घेतलेले प्रयोग कपाटात गेलेलेही मी पाहिले. धोरण संशोधनाला ओढू शकते, पण त्यासाठी ते प्रयोगाच्या कालावधीपेक्षा जास्त काळ स्थिर राहावे लागते. उसाच्या नव्या जातीला दहा-बारा वर्षे लागतात. एखाद्या कास्टिंगला चार महिने पुरतात. म्हणून ‘आधी काय’ या तुमच्या प्रश्नाचे एकच उत्तर नाही, ते कोणत्या क्षेत्रातील संशोधन आहे यावर अवलंबून आहे.

धोरणाने ठरवलेला उपयोग आणि लोकांनी केलेला उपयोग यांत किती अंतर पडते, याचेही एक उदाहरण आपल्या जिल्ह्यात आहे आणि ते चांगले नोंदवलेले आहे. १९९८ मध्ये वारणा परिसरातील गावांत संगणक केंद्रे उभारण्याचा प्रकल्प सुरू झाला. शेतकऱ्याला माहिती, बाजारभाव, शासकीय सेवा सारे गावातच मिळावे अशी कल्पना होती. काही वर्षांनी बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधील संशोधकांनी पाहिले तेव्हा संगणकाचा उपयोग मुख्यतः उसाच्या व्यवहारापुरता होत होता: किती टन गेला, तोडणीची पाळी कधी, खाते काय सांगते. हेच काम साध्या मोबाइलवरच्या एसएमएसने करता येईल का, हे त्यांनी काही गावांत करून पाहिले आणि ते चालले. प्रकल्प फसला, असे म्हणून काही जण हे प्रकरण बंद करतात. मला त्यातून उलट दिशा दिसते. वारणेच्या शेतकऱ्याला कशाची टंचाई होती? आपल्या उसाच्या वजनाची आणि तोडणीच्या तारखेची खात्री त्याला हवी होती. ती मिळताच बाकीच्या सोयींशिवाय त्याचे अडले नाही. संशोधकांनी ते त्याच्या वापरावरून ओळखले, म्हणून त्यांचे काम टिकाऊ ठरले.

येथपर्यंतचे सूत्र असे की, टंचाई प्रश्न निर्माण करते, आवाज तो प्रश्न निवडतो, आणि मोजमापाचे नियम ठरवतात की केलेल्या कामाला संशोधन म्हणायचे की तोटा. यात अजून एक कडी घालायची आहे, ती म्हणजे संशोधक कोण होतो याची.

२६ जुलै १९०२ चा शाहू महाराजांचा ५० टक्के जागांचा आदेश, वसतिगृहे, १९१७ चे सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण, १८ नोव्हेंबर १९६२ ला स्थापन झालेले शिवाजी विद्यापीठ आणि १९८३ नंतर राज्यात उघडलेली खासगी अभियांत्रिकी महाविद्यालये हे सारे सहसा सामाजिक इतिहासाच्या प्रकरणात येते. तुम्ही ते नवोन्मेषाच्या प्रकरणात आणा. मी दरवर्षी अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाचे प्रकल्प तपासतो. उसाचा डोळा काढण्याचे यंत्र, पाठीवरच्या फवारणी पंपाचे वजन खांद्यावरून कमरेवर आणणारा पट्टा, गोठ्यातले शेण ओढण्याचे साधन असे प्रकल्प ज्या मुला-मुलींचे असतात, त्यांच्या घरी ऊस आणि म्हशी असतात, हे मी विचारून घेतले आहे. एका मुलीने फवारणी पंपाचा पट्टा दाखवताना स्वतः पंप पाठीवर घेतला आणि आईच्या खांद्यावर उठणारा वळ नेमका कोठे असतो ते बोटाने दाखवले. तेवढ्या नेमकेपणाने प्रश्न मांडलेला मी मोठ्या परिषदांतही क्वचित पाहिला आहे. अशी मुलगी वर्गापर्यंत पोहोचायला तीन पिढ्यांचे शिक्षण लागले. ऊसतोड कामगाराचे मूल मात्र वर्षातले सहा महिने फडावर जाते, त्याची शाळा तुटते, आणि म्हणून मोळीचा प्रश्न अजून कोणाच्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पात मला दिसलेला नाही.

आता तुमच्या कामाविषयी. विषय बदलू नका. जिल्हा हा अभ्यासाचा घटक न ठेवता एक टंचाई हा घटक ठेवा. माझे मत विचाराल तर फेटलिंगचा कामगार किंवा ऊसतोडीचा कोयता यांपैकी एक. समाज आणि धोरण यांचा परिणाम वेगळा काढण्यासाठी सीमेपलीकडचे बेळगाव घ्या. तेथेही फाउंड्री आहेत, महामार्ग तोच, गिऱ्हाइके बरीचशी तीच, परराज्यांतून येणारे कामगारही त्याच प्रकारचे. पण राज्य वेगळे, म्हणून वीजदर, अनुदाने आणि औद्योगिक धोरण वेगळे. ज्या बाबतीत दोन्हीकडचे कारखाने सारखे बदलले असतील तेथे टंचाईचा हात मोठा, आणि जेथे वाट फुटली असेल तेथे धोरणाचा, असे प्राथमिक अनुमान काढता येईल. हे अनुमान पुरावा नव्हे, कारण बेळगावच्या फाउंड्रींचा इतिहास आणि ऑर्डरींचे स्वरूप कोल्हापूरसारखेच आहे असे गृहीत धरता येत नाही. त्यामुळे कारखाने निवडताना मोठे लॉट करणारे आणि जॉबिंग, म्हणजे थोड्या थोड्या नगांची सुटी कामे, करणारे वेगळे ठेवा. एकाच टंचाईला पहिला यंत्रांची लाइन विकत घेऊन उत्तर देतो, तर दुसऱ्याला बँक दारात उभे करत नाही.

कारखान्यात गेलात की मालकाला संशोधनावर किती खर्च करता असे विचारू नका. तो काहीच नाही म्हणेल आणि ते खरेच समजून म्हणेल. रिजेक्शन रजिस्टर मागा, ज्या ओळींपुढे ‘ट्रायल’ लिहिले आहे त्या उतरवून घ्या, आणि ती नोंद ज्या सुपरवायझरच्या अक्षरात आहे त्याला दुसऱ्या पाळीच्या चहाला गाठा. कोणत्या हीटला काय बदलले आणि का, हे त्याला वर्षांनंतरही आठवते. ऊस घेतलात तर हंगाम सुरू होण्याआधी, सप्टेंबरातच मुकादमांचे करार पाहून घ्या, कारण डिसेंबरात फडावर कोणालाही बोलायला सवड नसते. आणि फडावर जाल तेव्हा कोयत्यातल्या दोघांपैकी बाईशीही स्वतंत्र बोला. मोळी कोठे लागते, कोणत्या फळीवरून पाय घसरतो, काय मिळाले तर काम सोसवेल, हे तिने सांगितलेले शब्दशः लिहून घ्या, कारण ते दुसऱ्या कोणत्याही रजिस्टरमध्ये तुम्हाला मिळणार नाही.